थकलेले भाडे आणि विधवेची दोन मुले

पवित्र शास्त्रातील राजांच्या दुसऱ्या ग्रंथात, चौथ्या अध्यायाच्या आरंभीच, एक विधवा अलीशा संदेष्ट्यापुढे येऊन उभी राहते. तिचा पती देवभीरू होता. पण तो वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. घरात तेलाच्या एका कुपीवाचून काही उरलेले नाही. सावकार दाराशी आला आहे आणि त्याचे लक्ष भांड्याकुंड्यांकडे नाही. तिची दोन मुले दास म्हणून नेऊन त्यांच्या श्रमातून तो आपले येणे वसूल करू पाहतो. त्या काळच्या रूढीप्रमाणे तो काही अन्याय करीत होता असेही नाही. कर्ज बापाचे, म्हणून मुले कर्जाची, हा हिशेब सर्वमान्य होता.

या विधवेची आठवण आज व्हावी असे प्रसंग ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या वस्त्यांतून दुर्मीळ नाहीत. घरातील कमावता माणूस आजारी पडतो, नोकरी जाते किंवा मृत्यू ओढवतो. भाडे थकते, नोटीस येते, न्यायालयाचा हुकूमनामा होतो आणि एके दिवशी बेलीफ येऊन सामान ओट्यावर काढतो. घर जाते. परंतु घर गेले म्हणजे देणे गेले असे होत नाही. थकलेल्या भाड्याचा आकडा कुटुंबाच्या मागोमाग नव्या पत्त्यावर येतो. मग प्रश्न पडतो : हे देणे कुणाचे? ज्याने भाडेपत्रावर सही केली त्याचे, की त्या छपराखाली जो जो झोपला त्या सर्वांचे? आईचे? नुकत्याच नोकरीला लागलेल्या थोरल्या मुलीचे? की वेगळा संसार थाटलेल्या धाकट्या भावाचे?

हा प्रश्न वकिलाच्या कचेरीतला वाटतो. पण त्याला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान आपल्याच जिल्ह्यात लिहिले गेले आहे.

प्राचीन काळी जवळजवळ सर्वच समाजांनी ऋण हे रक्तातून वाहते असे मानले. आपल्याकडील स्मृतिकारांनी पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य ठरविले. नातवावरही मुद्दल फेडण्याचा भार ठेवला. जुगार, मद्यपान किंवा व्यभिचार यांपायी झालेले कर्ज तेवढे त्यांनी मुलाच्या माथी मारले नाही. विशेष म्हणजे जो मृताच्या विधवेचा स्वीकार करील त्याने तिच्या पहिल्या पतीचे ऋणही स्वीकारावे, असाही नियम त्यांत आढळतो. ऋणाला जणू माणसाचा वास येत असे आणि ते त्याच्या माणसांमागे फिरत असे.

युरोपातही चित्र फार निराळे नव्हते. १८२४ साली लंडनमध्ये जॉन डिकन्स नावाच्या एका कारकुनाला कर्जापायी मार्शलसी या तुरुंगात टाकण्यात आले. कायद्याने कैदी एकटा तोच होता. परंतु पोट भरण्याचे साधन उरले नाही म्हणून पत्नी व लहान मुलेही त्याच तुरुंगात राहावयास गेली, आणि बारा वर्षांचा मुलगा चार्ल्स बुटांच्या काळ्या रंगाच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत बसला. हाच मुलगा पुढे इंग्रजीतील थोर कादंबरीकार झाला. पण त्या दिवसांचा डाग त्याच्या मनावरून आयुष्यभर पुसला गेला नाही. इंग्लंडमध्ये कर्जासाठी तुरुंगवास देण्याची पद्धत बव्हंशी बंद झाली ती १८६९ च्या कायद्याने.

मुंबई इलाख्यात या दिशेने पहिले ठाम पाऊल त्याच सुमारास पडले. १८६६ साली मुंबई सरकारने हिंदू वारसांना दिलासा देणारा कायदा केला. तोपर्यंत या इलाख्यातील न्यायालये धर्मशास्त्राचा आधार घेऊन, बापाकडून एक कवडीही न मिळालेल्या मुलालाही बापाच्या कर्जासाठी जबाबदार धरीत असत. नव्या कायद्याने सांगितले की वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच. विधवेशी विवाह करणाऱ्या दुसऱ्या पतीचीही पहिल्या पतीच्या कर्जातून याच कायद्याने सुटका झाली. तरीही एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेवर पित्याच्या ऋणाचा धार्मिक भार पुढेही राहिला. केवळ त्या कारणाखातर मुलानातवांवर नव्या कर्जासाठी दावा चालू शकणार नाही, ही तरतूद व्हावयास २००५ साल उजाडावे लागले.

आपण ख्रिस्ती लोक या बाबतीत वेगळ्या वाटेने आलो. १८६५ चा भारतीय वारसा कायदा आपल्याला लागू झाला आणि पुढे त्याची जागा १९२५ च्या कायद्याने घेतली. या कायद्यांच्या दृष्टीने माणूस गेला म्हणजे त्याची मालमत्ता हीच जणू त्याच्या जागी उभी राहते. तिच्यातून अंत्यविधीचा खर्च व देणी भागवावयाची आणि मग जे उरेल ते वारसांचे. मालमत्ता संपली की देणेकऱ्याचा हातही तेथेच थांबतो. यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात बापाच्या दोषाचा भार मुलाने वाहू नये हे तत्त्व पापपुण्याच्या संदर्भात मांडले. पैशाच्या व्यवहारातही तोच न्याय लागू व्हावयास दोन सहस्रकांहून अधिक काळ लोटला.

परंतु कायदा पुस्तकात येणे आणि माणसाच्या दारी येणे, यांत मोठे अंतर असते. ते किती मोठे असू शकते हे जुन्या ठाणे जिल्ह्याइतके क्वचितच कुठे दिसले असेल. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होण्यापूर्वी ठाणे जिल्हा डहाणू-तलासरीपर्यंत पसरलेला होता आणि १९६० पूर्वी तर उंबरगावही त्यातच मोडत असे. या जंगलपट्टीतील वारली व इतर आदिवासींच्या जमिनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सावकार-जमीनदारांच्या नावे होत गेल्या. कालचा मालक आज त्याच जमिनीवर कूळ झाला. पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून द्यावयाचा, पावसाळ्यात पोटासाठी खावटीचे धान्य उसने घ्यावयाचे आणि खळ्यावर ते वाढीदिढीने परत मोजून द्यावयाचे. खंड थकला की तो कर्जाच्या वहीत चढे. कूळ जमिनीवरून उठविले गेले तरी वही मिटत नसे. जमीन गेली, पण देणे राहिले. आणि ते फेडावयास हातापायांवाचून दुसरे काही नव्हते.

याच व्यवस्थेतून 'लग्नगडी' नावाची प्रथा उभी राहिली. लग्नखर्चासाठी तरुण वारली सावकाराकडून थोडी रक्कम घेई आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबत राही. तो एकटाच नव्हे. ज्या मुलीशी लग्न व्हावयाचे ती पत्नीही. मजुरी मिळण्याऐवजी कर्ज वाढत जाई आणि बाप झिजून मेला की त्याच वहीत मुलाचे नाव चढे. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यास डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याची नेमणूक केली. त्यांच्या अहवालाने वेठ आणि लग्नगड्यांची ही अवस्था सरकारदरबारी नोंदविली. वारसाची जबाबदारी मर्यादित करणारा कायदा तोपर्यंत सत्तर वर्षांचा झाला होता. पण तो बोर्डी-डहाणूच्या पलीकडच्या रानात पोहोचलाच नव्हता. अलीशाच्या दारी आलेला सावकार तेथे अजूनही मुलांकडे बोट दाखवीत होता.

या कहाणीला वळण मिळाले ते कल्याण तालुक्यात. ७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळा येथे महाराष्ट्र राज्य किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगाव तालुक्यातून काही मोजके वारली त्यासाठी आले होते. आपल्या मुलुखातील वेठ व लग्नगडीपणाची हकीकत त्यांनी तेथे सांगितली आणि शामराव व गोदावरी परुळेकर हे दांपत्य त्यांच्या मुलुखात गेले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करावयाची नाही, फुकट राबावयाचे नाही, असा त्यांचा निर्धार होता. त्यानंतर काही महिन्यांतच लग्नगडी सावकारांच्या वाड्यांतून बाहेर पडू लागले. हे सुखासुखी घडले नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच जण मृत्यू पावले. गोदावरी परुळेकरांनी या लढ्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिली आणि त्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

परुळेकर दांपत्य साम्यवादी होते. त्यांच्या विचारसरणीशी आपले अनेक बाबतींत जमण्यासारखे नव्हते, हे खरे. परंतु बापाच्या वहीतून मुलाचे नाव पुसून टाकण्याचे जे काम तेथे घडले ते नहेम्याच्या परंपरेतले होते, हे मान्य करावयास संकोच नसावा. नहेम्याच्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात यरुशलेमचे गरीब लोक असाच टाहो फोडतात : शेते गहाण पडली, मुलेमुली दास्यात गेली. आणि नहेम्या श्रीमंतांना भर सभेत उभे करून शेते, द्राक्षमळे व घरे परत करावयास लावतो.

पुढे कायदे झाले. १९४८ च्या कुळकायद्याने खंड थकताच कुळाला उठविण्याचा मालकाचा मोकळा हात आवरला. थकलेला खंड ठरावीक मुदतीत भरण्याची संधी कुळाला मिळू लागली. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन मानून कसणाऱ्या कुळांना जमिनीचे खरेदीदार ठरविण्यात आले. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर वेठबिगारीच्या व्याख्येतच वारशाने अंगावर आलेल्या ऋणाचा स्पष्ट उल्लेख केला आणि ती सारी ऋणे रद्द ठरविली. १८६६ पासून सुरू झालेली वाट येथे एका मुक्कामाला पोहोचली : ऋणाचा हात मालमत्तेपर्यंत जाईल, मुलांच्या देहापर्यंत जाणार नाही.

आता रानातून शहराकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली आणि पुढल्याच वर्षी मे महिन्यात रूळ कल्याणला पोहोचले. या रुळांच्या कडेने चाळी वाढत गेल्या. गिरण्या, रेल्वेची वर्कशॉपे, पुढे वागळे इस्टेट, अंबरनाथ व डोंबिवलीचे कारखाने यांतील कामगार आणि मुंबईच्या कचेऱ्यांतील कारकून यांनी त्या भरल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात जागांची टंचाई झाली म्हणून १९१८ साली मुंबईत भाडेनियंत्रण आले. आपल्या पिढ्यांना परिचित असलेला मुंबई भाडेनियंत्रण कायदा १९४७ साली मंजूर होऊन १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला.

या कायद्याने भाडेकरूच्या कुटुंबाला एक मोठे संरक्षण दिले. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहत असलेला कुटुंबीय हा भाडेकरू मानला जाऊ लागला. म्हणजे मालमत्ता नव्हे, तर छप्परच एका अर्थी वारशाने मिळू लागले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने हे संरक्षण कायम ठेवले. मात्र येथे एक नाजूक गाठ आहे. ज्या कुटुंबीयाला ते घर टिकवावयाचे असेल त्याला मृताच्या वेळची थकबाकीही भरावी लागते. तसे न केल्यास घर हातचे जाते. छप्पर हवे असेल तर छपराचे ऋणही उचलावे लागते. पण ज्याला घर नको आहे, जो ते सोडून गेला आहे किंवा ज्याला ते सोडावे लागले आहे, त्याचे काय? तेथे पुन्हा जुनाच नियम लागू होतो.

तो नियम साध्या शब्दांत असा मांडता येईल. भाडे हा करार आहे आणि करार बांधतो तो करणाऱ्याला. भाडेपत्रावर एकट्या वडिलांची सही असेल तर देणे वडिलांचे. त्यांच्या हयातीत ते त्यांच्याकडून व त्यांच्या पश्चात त्यांच्या मालमत्तेतून वसूल व्हावयाचे. त्या घरात राहिलो एवढ्या कारणाने सज्ञान मुलगा किंवा मुलगी घरमालकाची देणेकरी होत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हे स्पष्ट केले आहे की मृताच्या देण्यासाठी वारसावर हुकूमनामा झाला तरी तो मृताच्या, वारसाच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरताच. अट एकच. ती मालमत्ता कशी खर्ची पडली हे वारसाला दाखविता आले पाहिजे. न दाखविल्यास तेवढ्या रकमेपुरता तो स्वतः बांधला जातो. म्हणून वडिलांचे डिपॉझिट, बँकेतील शिल्लक, दागिने यांचा आणि रुग्णालय व दफनविधी यांवरील खर्चाचा कागदोपत्री हिशेब ठेवणे हे दुःखाच्या दिवसांतही आवश्यक असते.

विधवेच्या बाबतीत तर आपल्या समाजात फार गैरसमज आहेत. पतीचे देणे विवाहामुळे पत्नीचे होत नाही. ख्रिस्ती विवाहित स्त्रीची कमाई ही तिची स्वतःची, असे १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याने ठरविले आहे. पतीने पत्नी व मुलांच्या लाभासाठी म्हणून काढलेल्या आयुर्विम्याची रक्कमही त्याच कायद्याने सावकारांच्या हातापलीकडे ठेवली आहे. भविष्यनिर्वाह निधी व ग्रॅच्युइटी यांनाही जप्तीपासून संरक्षण आहे. ज्या भागात अनेक कुटुंबांची एकमेव ठेव म्हणजे कारखान्यातून मिळालेली ही रक्कम असते, तेथे हे ज्ञान म्हणजे घरातील तेलाची अखेरची कुपीच होय.

याची दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जेथे दोघांच्या सह्या आहेत तेथे मालक संपूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागू शकतो. मग त्याने भावाकडून आपला वाटा वसूल करीत बसावे. जो जामीन राहिला तो, वेगळे काही ठरलेले नसेल तर, मूळ देणेकऱ्याइतकाच बांधला जातो. आणि हुकूमनाम्यानंतरही जागा अडवून ठेवली तर भाड्याऐवजी 'वासलात' मोजावी लागते. वासलात म्हणजे गैरकब्जाच्या काळाची भरपाई, आणि ती जुन्या नाममात्र भाड्याने नव्हे तर बाजारभावाने ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आत्माराम प्रॉपर्टीज विरुद्ध फेडरल मोटर्स या खटल्यात सांगितले. आज डोंबिवली-कल्याणच्या इमारतींतून अकरा महिन्यांच्या परवान्याचे जे करार होतात, त्यांत मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. एकेक महिना रेटून नेणारे कुटुंब आपल्या देण्याचा डोंगर आपल्याच हाताने रचीत असते. त्यापेक्षा समन्स येताच उभे राहणे शहाणपणाचे. संरक्षित भाडेकरूने दाव्याचे समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह व खर्चासह न्यायालयात भरली आणि पुढील भाडे नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याचे घर जात नाही. तीन वर्षांहून जुन्या थकबाकीची रक्कम दाव्याने मागता येत नाही, हेही ध्यानात असावे; मात्र एकदा हुकूमनामा झाला की त्याच्या बजावणीसाठी बारा वर्षांचा अवधी असतो.

घरमालक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चित्रपटातील धनिक येतो. ठाण्याच्या गावठाणांत मात्र कित्येकदा घरमालकही आपल्याच धर्मग्रामातला असतो. आजोबांनी बांधलेल्या चार खोल्यांच्या भाड्यावर एखादी वृद्धा दिवस काढीत असते. १९४७ च्या कायद्याने भाडी मुख्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली. ती गोठणूक दशकानुदशके राहिली आणि दुरुस्तीला पैसा न उरल्याने घरेही जीर्ण होत गेली. १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठणूक काळाच्या ओघात अन्याय्य झाल्याचे सांगितले. ४ ऑगस्ट २०१५ रोजी ठाण्याच्या नौपाड्यातील कृष्ण निवास ही जुनी इमारत कोसळून बारा माणसे दगावली. मालक व भाडेकरू यांच्यातील भांडणाचे निकाल लागण्याआधीच जुन्या भिंती आपला निकाल देतात. थकलेले भाडे म्हणजेही कुणाचे तरी न मिळालेले अन्न असते, हे विसरून चालणार नाही.

मग देणे खरोखरच फिटण्यासारखे नसेल तर? येथे कायद्याने आपला चेहरा पुष्कळ सौम्य केला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे देणेकऱ्याचे व त्याच्या पत्नी-मुलांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारे जप्त करता येत नाहीत. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्री जे अलंकार अंगावेगळे करीत नाही त्यांनाही हात लावता येत नाही. पगारातूनही ठरावीक मर्यादेपलीकडे वसुली होत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. आणि १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्पष्ट केले की ज्याच्याजवळ द्यावयास काही नाही आणि ज्याची लबाडी सिद्ध झालेली नाही अशा गरिबाला केवळ देणे थकले म्हणून तुरुंगात टाकता येणार नाही.

ही तरतूद वाचताना मोशेच्या नियमांची आठवण होते. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, कारण तो रात्री काय पांघरील? जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण ते त्याचे जीवनच गहाण घेणे आहे. सिनाईच्या वाळवंटातला पांघरुणाचा नियम आणि कल्याणच्या दिवाणी न्यायालयातल्या बेलीफाच्या हातातील यादी यांत तीन हजार वर्षांचे अंतर असेल. पण दोहोंनाही एकच गोष्ट ठाऊक आहे. माणसाकडून काय घ्यावयाचे याला सीमा असते, आणि ती सीमा त्याच्या झोपेपाशी व भाकरीपाशी येऊन थांबते.

असे असूनही आपल्या घरांत काय घडते? आपण कायद्याने पुसलेले नाव लाजेपोटी पुन्हा वहीत लिहितो. वडिलांची अब्रू, कुटुंबाचे नाव, वाडीत लोक काय म्हणतील, या विचाराने एखादी मुलगी शिक्षण सोडून नोकरी धरते, लग्न लांबणीवर टाकते आणि वर्षानुवर्षे एकटीच हप्ते भरीत राहते. बाकीची भावंडे 'तिने घेतले आहे अंगावर' असे म्हणून मोकळी होतात. तिला कुणी सावकाराने नेले नाही. तरीही लग्नगड्याची सावली तिच्यावर पडलेली असते. याउलट, काही ठिकाणी वडिलांचे डिपॉझिट आणि दागिने वाटून घेऊन देण्याच्या वेळी 'आमची सही नाही' असे सांगणारे महाभागही असतात. एकाला आपली मर्यादा ठाऊक नाही, दुसऱ्याने तिची ढाल केली आहे.

वडिलांचे ऋण प्रेमाने फेडण्यास कायद्याने मनाई केलेली नाही. ते फेडणारा मुलगा किंवा मुलगी सर्वांच्या आदरास पात्र आहे. मात्र ते देणे नव्हे, दान आहे, हे त्याला आणि त्याच्या भावंडांनाही स्पष्ट ठाऊक असले पाहिजे. दान स्वखुशीने व्हावे आणि त्यात सर्वांनी वाटा उचलावा. भीतीपोटी किंवा लाजेपोटी एकट्याच्या गळ्यात पडलेला भार हे दान नव्हे. टिटवाळ्याला आलेल्या त्या मोजक्या वारल्यांनी प्रथम हेच केले : आपल्या गळ्यातील दोर त्यांनी चारचौघांत दाखविला.

येथेच धर्मग्रामाचे काम सुरू होते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानम या तरुण विद्यार्थ्याने व त्याच्या सोबत्यांनी जो संघ सुरू केला तो आज संत विन्सेंट डी पॉल सोसायटी या नावाने आपल्या परिचयाचा आहे. गरिबाला आपल्या दाराशी बोलावू नये, आपण त्याच्या दाराशी जावे, ही त्या कार्याची रीत. नोटीस आलेल्या घराच्या दाराशी बेलीफाच्या आधी आपण गेलो तर काय करता येईल? एखाद्या वकील बंधुभगिनीने कागद वाचून दाखवावेत. घरमालक आपल्यातलाच असेल तर धर्मगुरूंच्या साक्षीने हप्ते ठरवावेत. सोडवत नसलेली जागा सन्मानाने सोडण्यास व नवे छप्पर शोधण्यास हात द्यावा. आणि जामीन राहण्याची गळ कुणी घातली तर, नीतिसूत्रांच्या लेखकाने अंगाखालचे अंथरूण जाण्याचा जो इशारा दिला आहे त्याचे स्मरण ठेवून, आपल्याला झेपेल तेवढी रक्कम सरळ हाती द्यावी.

अलीशाने त्या विधवेला काय सांगितले ते आठवावे. त्याने सावकाराला शाप दिला नाही, कर्ज बुडवावयासही सांगितले नाही. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडी आणू नकोस, असे त्याने सुचविले. तिने दार लावून घेतले, मुले भांडी पुढे करीत गेली आणि भांडी संपेपर्यंत तेल आटले नाही. ते विकून तिने सावकाराचे देणे चुकते केले आणि उरलेल्यावर मायलेकरांचा चरितार्थ चालला. ज्या मुलांना नेण्यासाठी सावकार आला होता, तीच मुले आईच्या हाताशी भांडी देत उभी होती.

शेजाऱ्यांनी दिलेली भांडी रिकामीच होती. पण ती त्यांनी दिली होती.